न खायचा उन्हाळ कांदा

नवतपा लागला की अमरावतीत दुपारी बारा ते पाच रस्त्यावर रसवंतीच्या चाकाला बांधलेले घुंगरू तेवढे वाजत असतात. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि पुढचे नऊ दिवस माणसं कूलरसमोर पडून काढतात. अकोल्याचं तर बोलायलाच नको. २०२४ च्या मे महिन्यात तिथला पारा ४५ च्या वर चढला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने १४४ कलम लावलं होतं. दंगलीसाठी राखलेलं कलम उन्हावर लावावं लागणारं गाव जगात दुसरं असेल तर मला ठाऊक नाही.

नेमक्या याच नऊ दिवसांत आमच्या अंगणातली एक कुंडी जागी होते. डिसेंबरात तिच्यातली पानं पिवळी पडून गळाली, तेव्हापासून तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पाणी बंद होतं. माती कडेने आक्रसून कुंडीपासून सुटली होती. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी त्या मातीला चीर पडते, चिरेतून अंगठ्याएवढं नाक वर येतं. चार-पाच दिवसांत त्याचा वीतभर दांडा होतो आणि दांड्याच्या टोकाला लालभडक चेंडू उमलतो. एक फूल नव्हे. शे-दोनशे बारीक फुलं, प्रत्येकाचे पुंकेसर बाहेर काढलेले, सगळी मिळून एक गोल. पान एकही नाही. पानं नंतर, पावसाबरोबर येतात.

नर्सरीवाले त्याला फुटबॉल लिली म्हणतात, काही जण मे फ्लॉवर. वनस्पतिशास्त्रात ते स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस, मूळचं आफ्रिकेचं. पण मला वर्षानुवर्षं छळणारा प्रश्न नावाचा नाही. पाणी नाही, सावली नाही, पान नाही, आणि बाहेर ४५ अंश. अशा वेळी फुलायचं याला सांगितलं कोणी?

पहिल्या वर्षी मी त्या कुंडीला रोज पाणी घालत होतो. पलीकडच्या घरातल्या आजींनी, ज्यांच्याकडून हा कांदा आला होता, कुंपणावरून हटकलं. "आवं, काहून पानी टाकून राह्यला बाप्पा? थो मेला नाही, निजला हाय. निजू दे त्याले. पानी टाकशीन त सडून जाईन." त्यांना शास्त्र ठाऊक नव्हतं, कांदा ठाऊक होता. वर्षभरानंतर मी पुस्तकं चाळली, तेव्हा पुस्तकंही तेच सांगत होती, जरा लांबण लावून.

कुदळीखाली चिरलेला एखादा कांदा हाती आला तर फेकू नका, उभा कापून बघा. स्वयंपाकघरात रोज आपण हेच करतो, पण डोळ्यांत पाणी असल्यामुळे बघत नाही. तळाशी मुळांच्या वर एक घट्ट चकती असते. तेवढंच त्याचं खोड. बाकी सगळी पानं. कांद्याचा एकेक थर म्हणजे पानाचा बुडखा, पाणी आणि साखर भरून फुगलेला. बाहेरचा कागदासारखा पापुद्रा म्हणजे कामावरून निवृत्त झालेलं पान, आता ओल आत राखण्यापुरतं उरलेलं. कांदा म्हणजे एक अख्खं झाड, उंची काढून टाकलेलं.

जमिनीखाली जे जे फुगतं ते सगळं कांदा नसतं. आडवा काप घेतला आणि आत एकात एक रिंगणं दिसली तर कांदा. सलग गर दिसला तर घनकंद, जसा ग्लॅडिओलसचा किंवा सुरणाचा. बटाट्याला डोळे असतात, हळद-आल्याला बोटं फुटतात. ही सगळी खोडं. गाजर-रताळं मात्र मूळ. बाजारात सगळ्यांना 'बल्ब' म्हणून विकतात, त्याला हरकत नाही, पण कोणाला किती पाणी द्यायचं ते यावर ठरतं.

आता ज्याला आपण नुसतं 'लिली' म्हणतो, मार्च-एप्रिलात कर्ण्यासारखी शेंदरी किंवा लाल फुलं देणारी, तिचा कांदा कापा. तिचं खरं नाव हिप्पिअॅस्ट्रम. लिलीशी तिचं नातं फार दूरचं. सख्ख्यांत बघायला गेलं तर ती आपल्या कांद्या-लसणाच्या कुळात पडते. २००९ साली जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलझाडांची वंशावळ नव्याने मांडली, तेव्हा कांदा, लसूण, नर्गिस, ही लिली, तो फुटबॉल, सगळे एकाच अॅमॅरिलिस कुळात आले. घरात फोडणीला जे पडतं, त्याचंच चुलत भावंड अंगणात फुलतं.

तर या लिलीच्या कांद्याच्या पोटात थरांच्या मधोमध एक चपटा, फिकट कोंब दिसतो. तो पुढच्या फुलाचा दांडा. त्याच्याही आत, भिंगाशिवाय दिसणार नाही एवढा, त्याच्या पुढचा. ही लिली हिशेबाने चालते: चार पानं, मग एक फुलांचा दांडा, पुन्हा चार पानं, पुन्हा एक दांडा. तिला फूल 'धरायला' थंडी लागत नाही, दिवस लहान-मोठा व्हावा लागत नाही. आत तिचं मोजणं अखंड चालू असतं. आणि एखादा दांडा आत सुईच्या टोकाएवढा जन्मल्यापासून बाहेर येऊन उमलेपर्यंत साधारण वर्ष जातं, कधी त्याहून थोडं अधिक. यंदाच्या चैत्रात शेजारी थांबून बघतात ते फूल गेल्या चैत्राच्या आसपास आतल्या आत ठरलेलं असतं.

हे कळल्यावर माझी बागकामातली एक जुनी मूर्खपणाची सवय सुटली. फेब्रुवारीत मी हौसेने खत घालायचो, फुलं जास्त यावीत म्हणून. फुलं केव्हाच ठरलेली होती! खत घालायचं ते पावसाळ्यात, पानं हिरवी असताना, पुढच्या वर्षासाठी. फुलं झाल्यावर पानं 'घाण दिसतात' म्हणून कापणारे लोक स्वतःच्या पुढच्या वर्षाचं फूल कापत असतात. दिवाळीनंतर हळूहळू पाणी तोडायचं, पिवळी झाली की पानं आपोआप गळू द्यायची, आणि संक्रांतीनंतर कधीतरी माती बदलायची. कांद्याची मान मातीच्या वर ठेवायची. एवढंच.

कांद्याला घड्याळ म्हणावंसं वाटतं, आणि योगायोग असा की या लिलीचा पहिला नोंदलेला संकर केला तो एका घड्याळजीने. इंग्लंडातल्या लँकेशायरमधल्या प्रेस्कॉट गावचा आर्थर जॉन्सन. सन १७९९. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या दोन जाती त्याने एकमेकींशी फळवल्या आणि लाल पाकळ्यांवर मधोमध पांढरा पट्टा असलेली लिली जन्माला आली. तिला आजही जॉन्सनचंच नाव आहे. दिवसभर लोकांची घड्याळं उघडून बसणाऱ्या माणसाला संध्याकाळी पुन्हा एक उघडावंसं वाटलं असेल.

आता ट्युलिपबद्दल. कबूल करतो, मलाही तो मोह झाला. माझ्या पिढीचा हा आजार १९८१ च्या 'सिलसिला'पासूनचा आहे. हॉलंडच्या क्यूकेनहॉफ बागेतले ते पट्टेच्या पट्टे पडद्यावर बघून अमरावतीच्या थिएटरात बसलेल्या माणसाला वाटणारच, एक तरी आपल्या दारात हवा. पुढे २००७ मध्ये श्रीनगरला दल सरोवराच्या काठी ट्युलिपची बाग खुली झाली, दिल्लीत शांतिपथाच्या कडेने फेब्रुवारीत ट्युलिप दिसू लागले, आणि घरबसल्या कांदे मागवता येऊ लागले. मी पाच मागवले.

ट्युलिपला बारा ते सोळा आठवडे सुमारे नऊ अंशांखालची थंडी लागते, हे वाचलेलं होतं. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारावर येतो खरा, पण दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. म्हणून फ्रिज. भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत चौदा आठवडे कांदे ठेवले. घरच्यांनी दोनदा ते फोडणीत जाता जाता वाचवले. डिसेंबरच्या शेवटी कुंडीत लावले. पानं आली, रुंद, निळसर, देखणी. मग मातीशी टेकून एक कळी आली, कागदासारखी वाळलेली. बाकी चौघांत तेवढंही नाही.

दोन चुका होत्या. एक माझी, एक वऱ्हाडाची. माझी अशी की त्याच कप्प्यात सफरचंदं होती. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो, आणि तो ट्युलिपच्या आतल्या कोवळ्या फुलाला मारतो. केळी, सफरचंद, टोमॅटो यांच्या शेजारी ट्युलिप ठेवणं म्हणजे वाळत घातलेल्या पापडांवर कावळ्याला राखण ठेवणं. दुसरी चूक उन्हाची. फेब्रुवारीच्या मध्यापासून आमच्याकडे जे ऊन सुरू होतं ते त्याच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

पण या फसण्यातून एक गोष्ट हाती आली, ती पाच फुलांहून मोठी वाटते. मी समजत होतो की थंडीमुळे ट्युलिपला फूल धरतं. तसं नाही. ट्युलिपचं फूल कांद्याच्या आत तयार होतं ते उन्हाळ्यात! हॉलंडमधले शेतकरी फुलं झाल्यावर जून-जुलैत कांदे जमिनीतून काढतात आणि कोरड्या, उबदार गोदामात ठेवतात. त्या कोरड्या उबेत, मातीशिवाय, पाण्याशिवाय, आत सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, एक बीजकोश एवढं सगळं मांडून होतं. थंडीचं काम नंतरचं. दांड्याला लांबी येण्याची परवानगी ती देते. थंडी मिळाली नाही तर फूल आत तयार असूनही वर येत नाही, मातीशी बसून वाळतं.

याचं कारण ट्युलिपच्या माहेरात आहे. तो हॉलंडचा नाहीच. त्याचं घर मध्य आशियातल्या तिएन शान आणि पामीरच्या उतारांवर. तिथून तो तुर्कांकडे गेला, आणि १५९३ मध्ये क्लुसियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ लायडनला गेला, त्याच्या सामानातून हॉलंडच्या मातीत रुजला. नावसुद्धा फेट्यावरून पडलेलं: फारसी 'दुलबंद', तुर्की 'तुल्बेंद', आणि मग ट्युलिप. त्या मूळच्या डोंगरांवर हिवाळा बर्फाचा असतो, पण उन्हाळा कोरडाठाक, गवत करपवणारा. मधे वसंताचे काही आठवडे तेवढे ओले. म्हणजे ट्युलिपही दुष्काळाचंच लेकरू. आमच्या फुटबॉल लिलीत आणि त्याच्यात स्वभावाचा फरक नाही, गजराचा आहे. दोघंही वाईट दिवसांत जमिनीखाली निजतात. एकाला बर्फ उठवतो, दुसऱ्याला वैशाख.

आणि तरीही वऱ्हाडात थंडीने फुलणारा कांदा आहेच, एकरच्या एकर. फेब्रुवारीत बुलढाणा, वाशीम, अकोल्याकडच्या रस्त्यांनी जा. कुठेकुठे कमरेएवढ्या हिरव्या नळ्यांवर पांढऱ्या गोंड्यांचं शेत दिसेल, वर मधमाश्यांचा घों घों आवाज. ते कांद्याचं बियाणं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडक कांद्यांचा वरचा भाग छाटून ते पुन्हा जमिनीत लावतात. डिसेंबर-जानेवारीच्या दहा-बारा अंशांच्या रात्री त्याला पुरतात. ट्युलिपचा हट्ट मोठा, आपल्या कांद्याची मागणी बेताची. त्या रात्रींनी कांद्याच्या मनात पालट होतो: पानं पुरे, आता फूल. मग दांडा निघतो, तोच डेंगळा. खायचा कांदा पिकवणारा शेतकरी डेंगळा दिसला की कपाळावर हात मारतो, कारण फूल आलेला कांदा बाजारात कोणी घेत नाही. बी धरणारा त्याच्याच शेजारच्या शेतात डेंगळ्याची वाट बघत असतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'अकोला सफेद' नावाचा पांढरा कांदा दिला, तोही कुठेतरी असाच एका फेब्रुवारीत फुलल्याशिवाय तुमच्या ताटापर्यंत येत नाही. क्यूकेनहॉफचं तिकीट काढण्याआधी एकदा हे शेत बघून यावं असं माझं प्रामाणिक मत आहे. वास मात्र सोसावा लागेल.

बागेकडे परत येऊ, कारण वऱ्हाडात कांदा लावताना खरी गाठ पडते ती मातीशी. आमची काळी कपाशीची जमीन कापसाला राणी, कांद्याला सावत्र आई. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मेमध्ये तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत जातो, आणि जुलैत तीच माती आठ-आठ दिवस पाणी सोडत नाही. निजलेल्या कांद्याला पहिलं चालतं, दुसरं नाही. चार दिवस पाण्यात बसलेला कांदा तळाच्या चकतीपासून सडतो आणि वरून काही कळत नाही. ओढून बघितला की मान हातात येते. म्हणून आमच्याकडे वाफा जमिनीच्या वर उचललेला हवा, आणि काळ्या मातीत मुरूम, जाड रेती, कुजलेलं शेणखत सढळ हाताने हवं. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूरकडे, आणखी एक अडचण. विहिरीचं पाणीच मचूळ. ते घातलं की पानांची टोकं जळतात आणि माती सिमेंटसारखी बसते. तिथल्या माझ्या ओळखीच्या बाई पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी टाकीत साठवतात आणि कुंड्यांना तेवढंच देतात. निजेच्या महिन्यांत पाणी लागतच नाही, हा या कांद्यांचा खारपाणपट्ट्यावरचा उपकार.

मातीशी कांद्याची स्वतःचीही एक झटापट चालू असते, आपल्या नजरेआड. बी मातीच्या वरवर रुजतं. मग त्याचा कांदा चार बोटं खाली कसा जातो? कोणी पुरत नाही. अशा अनेक कांद्यांना काही मुळं जाड आणि आडव्या सुरकुत्यांची असतात. ही मुळं खाली जाऊन घट्ट धरतात आणि मग आकसतात, दोर ओढावा तशी. दर मोसमात कांदा थोडाथोडा खाली खेचला जातो. उन्हाची झळ पोचणार नाही एवढी खोली मिळाली की ओढणं थांबतं. विहिरीत बादली सोडावी तसा तो स्वतःला जमिनीत सोडतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून अंगणात गेलो होतो, रात्री अकराला, टॉर्च घेऊन. दिसलं काहीच नाही, अर्थात.

मृगाचा पाऊस पडला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसरा तमाशा. वाफ्याच्या कडेला गवतासारखी दिसणारी, कोणी लक्ष न देणारी पानं असतात, किंवा तीही नसतात. आणि एका सकाळी सगळीकडे एकदम गुलाबी, पांढरी, पिवळी फुलं. रेन लिली. एकट्या अंगणात नाही. अमरावतीच्या रुक्मिणीनगरात फुलली त्याच सकाळी राजापेठेतही फुलते. पाऊस दोन्हीकडे पडला असेल तर. फूल एक-दोन दिवसांचं. मग पुढच्या मोठ्या उघडीपीनंतरच्या पावसापर्यंत पुन्हा गप्प.

मी तिला बादलीने फसवायचा प्रयत्न केला आहे. मेमध्ये दोन बादल्या ओतून बघितल्या. आलं एक फूल, तेही ओशाळल्यासारखं. बादली वरची दोन बोटं माती भिजवते आणि तासाभरात ती पुन्हा तापते. पाऊस खोलवर जातो, हवा निवते, रात्र निवते, आणि वाफ्यातला एकेक कांदा एकाच वेळी भिजतो. कोरडं आणि मग भरपूर ओलं, हा पालट तिला हवा. नुसतं ओलं नको. सतत पाण्यावर ठेवलेली रेन लिली पानं भरपूर देते, फुलं कंजूसपणे. तिचं शास्त्रीय नाव झेफिरँथेस, ग्रीकांच्या पश्चिम वाऱ्यावरून. विल्यम हर्बर्ट नावाच्या इंग्रज पाद्र्याने १८२१ मध्ये ते ठेवलं. हिप्पिअॅस्ट्रम, म्हणजे घोडेस्वाराचा तारा, हेही नाव त्याचंच, त्याच वर्षीचं. अमेरिका खंडातल्या फुलाला त्याने ग्रीसचा वारा चिकटवला आणि ते फूल येऊन फुललं वऱ्हाडात, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर. पश्चिम तेवढी बरोबर निघाली.

हे सगळे पाहुणे. घरचा कोणी नाही का? आहे. मार्च-एप्रिलात मेळघाटात सागाची पानं गळून रान उघडं पडलेलं असतं, कुठे वणवा लागून जमीन काळी झालेली असते, तेव्हा त्या उघड्या जमिनीतून गुडघ्याच्या वर जाणारा एक दांडा नुसताच उभा दिसतो, त्यावर मळकट तपकिरी-हिरवट घंट्या. फोटो काढावा असं रूप नाही. हा रानकांदा. यालाही फुलताना पान नसतं. पानं पावसात येतील, चार महिने अन्न भरतील आणि वाळून जातील. आफ्रिकेतला फुटबॉल आणि आमचा रानकांदा वेगवेगळ्या कुळांतले, पण कोरड्या उन्हाळ्याला दोघांनी शोधलेलं उत्तर एकच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रिस्टेन राउंकियर नावाच्या एका डॅनिश शास्त्रज्ञाने जगातल्या झाडांची वर्गवारी एका साध्या प्रश्नावर केली: वाईट दिवसांत हे झाड आपला कोंब कुठे ठेवतं? वडाचा कोंब उंच फांदीवर, उन्हातान्हात. गवताचा जमिनीशी टेकून. कांद्याचा जमिनीच्या आत. मला ही वर्गवारी फार आवडते, कारण तिच्यात फुलाचा रंग, फळाचा आकार कशालाच किंमत नाही. संकटात काय लपवलंस, एवढंच विचारलं आहे. मेळघाटातला वणवा वरून गवत चाटत जातो, तेव्हा चार बोटं खाली रानकांद्याला झळ पोचत नाही.

लपवलेलं धन म्हटलं की चोर आलेच. रानडुक्कर, साळिंदर, उंदीर, सगळ्यांना कंद प्रिय. म्हणून यातले बहुतेक कांदे विषारी आहेत. अॅमॅरिलिस कुळातल्या फुलझाडांत लायकोरिन नावाचं द्रव्य असतं. थोडं पोटात गेलं तरी ओकाऱ्या. घरात लहान मूल किंवा कुत्र्याचं पिल्लू असेल तर काढलेले कांदे भाजीच्या टोपलीजवळ मुळीच ठेवू नका. दिसायला फरक फारसा नसतो. आणि याच कुळातल्या, याच कामासाठी बनलेल्या दुसऱ्या एका द्रव्याचं पुढे औषध झालं. बर्फात फुलणाऱ्या स्नोड्रॉपच्या कांद्यातून १९५० च्या दशकात पूर्व युरोपात वेगळं काढलेलं गॅलँटामिन आज अल्झायमरच्या रुग्णांना देतात. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. उंदराला पळवण्यासाठी केलेली सोय म्हाताऱ्या माणसाला नातवाचं नाव धरून ठेवायला थोडी मदत करते.

विषाला न जुमानणाराही एक आहेच. पावसाळ्यात लिलीची पानं एका रात्रीत भुईसपाट झाली तर खाली वाकून बघा. काळी अळी, अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके, लपण्याचं नाव नाही. लिलीच्या पतंगाची ही पोरं. इतरांना मारणारी पानं ती पोट भरून खातात. चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं एवढाच इलाज मला जमला आहे, आणि तो करताना दर वेळी थोडी लाज वाटते, कारण तिचा पतंग वाफ्यातल्या बऱ्याच फुलांहून देखणा असतो.

या कांद्यांची एक गोष्ट नर्सरीत मिळत नाही. एका कांद्याला दोन-तीन वर्षांत बाजूने पिलं फुटतात, आणि कुंडी गच्च झाली की ती कोणालातरी द्यावी लागतात. आमच्या गल्लीतल्या सगळ्या फुटबॉल लिली एकाच कांद्याची पिलं आहेत. लग्न होऊन अकोल्याला गेलेल्या मुलीबरोबर काही अकोल्याला गेली, बदली झालेल्या मास्तरांबरोबर परतवाड्याला. पिलू म्हणजे बी नव्हे. तो तोच कांदा, पुन्हा एकदा. त्यामुळे मेच्या शेवटी अकोल्याहून "आमच्याकडे आला, तुमच्याकडे?" असा फोन येतो, तेव्हा दोन जिल्ह्यांत एकच झाड जागं होत असतं. अकोल्याचा बहुधा आमच्या दोन-तीन दिवस आधी येतो. ते त्याचं श्रेय त्यांच्या उन्हाला देतात आणि वर अभिमानही बाळगतात.

यंदा मी ती कुंडी विसरलो होतो. चिमण्यांच्या पाण्याचं पसरट परळ ठेवायला सपाट जागा हवी, म्हणून घरातल्या कोणीतरी ते नेमकं तिच्यावर ठेवलं होतं. २६ मेच्या सकाळी बघतो तर परळ एका बाजूला कललेलं, पाणी सांडून कुंडीची माती काळी झालेली, आणि खालून ते हिरवं नाक परळाच्या कडेला टेकलेलं. पाच महिने ज्याला थेंब दिला नाही त्याच्या डोक्यावर अख्खं परळ सांडलं होतं. मी आजींना हाक मारली, सडेल का म्हणून विचारायला. त्या काठी टेकत आल्या, वाकून बघितलं.

"आता काय सडते," त्या म्हणाल्या, "सोताच धक्का मारून घेतलं न तेनं."

परळ मी आंब्याच्या खाली हलवलं.